मोटर नंतर, आधी सॉकेट

मागच्या अंकात बायोनिक हाताविषयी थोडंसं लिहिलं होतं. स्नायूंत उमटणाऱ्या विजेवर चालणारा कृत्रिम हात म्हणजे काय, एवढंच. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: केवढ्याला पडतो? नाशिकमध्ये कृत्रिम हात-पाय बसवण्याचं काम मी इतकी वर्षं करते आहे, आणि किंमत हा शेवटचा प्रश्न असावा असं माझं ठाम मत आहे. म्हणून या वेळी पत्रं थोडीच घेतली आहेत, पण उत्तरं सविस्तर दिली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

माझे मिस्टर अंबडला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. फेब्रुवारीत त्यांचा उजवा हात मनगटाच्या थोडा वर तुटला. वय ३१. आम्ही मोबाइलवर बायोनिक हाताचा व्हिडिओ बघितला, त्यातला माणूस अंडंसुद्धा उचलतो. सासरे निफाडकडची एक एकर बाग विकायला तयार झालेत. विकावी का? – एक भगिनी, सिडको

ताई, बाग विकू नका. व्हिडिओतला हात खरा आहे, पण तो तुमच्या घरात आल्यावर रोज काय करील हे कळायच्या आत त्याच्यासाठी जमीन जाता कामा नये.

आधी तो चालतो कसा ते सांगते. बोटं हलवणारे मोठे स्नायू पंजात नसतात, ते कोपर ते मनगट या भागात असतात. यांचा पंजा गेला, पण त्या स्नायूंचा बराच भाग अजून शाबूत आहे. यांना डोळे मिटून 'उजवी मूठ आवळतोय' असं मनात आणायला सांगा आणि कोपराच्या खाली आतल्या बाजूला तुमची बोटं टेकवून ठेवा. आत काहीतरी हललेलं तुम्हाला जाणवेल. स्नायू असा आखडला की कातडीवर अगदी बारीक वीज उमटते, व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी. सॉकेटच्या, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो त्या साच्याच्या, आत बसवलेले इलेक्ट्रोड ती टिपतात, मोठी करतात आणि मोटरला हुकूम देतात. आतला स्नायू आखडला की पंजा मिटतो, बाहेरचा आखडला की उघडतो. २००७ साली स्कॉटलंडच्या कंपनीने पाचही बोटांना वेगवेगळी मोटर असलेला आय-लिंब बाजारात आणला, तेव्हापासून असे हात जगभर पोचले. आता भारतातही बनतात. भारतीय हात काही लाखांत मिळतो, परदेशी त्याच्या कितीतरी पट महाग पडतो.

आता व्हिडिओत न दिसणाऱ्या गोष्टी. या हाताला स्पर्श कळत नाही. पेला धरलाय की सुटलाय हे डोळ्यांनीच बघावं लागतं. वजन साधारण अर्धा किलो, म्हणजे खऱ्या पंजापेक्षा फार जास्त नाही, पण खरा पंजा हाडाला जोडलेला असतो आणि हा कातडीवर लटकतो. त्यामुळे दुपारनंतर खांदा भरून येतो. बहुतेक मॉडेलांना पाणी, तेल, बारीक लोखंडी कीस चालत नाही. रोज चार्ज करावा लागतो. प्रेसवर, लेथवर किंवा बागेत औषध फवारताना तो लावून काम करू नये असं मी सगळ्यांना सांगते, आणि यात तडजोड नाही.

एक साधा हातही असतो, त्याबद्दल कुणी व्हिडिओ काढत नाही. खांद्यावरून पट्टा, पट्ट्याला तार, तारेच्या टोकाला हूक. खांदा पुढे ढकलला की हूक उघडतो. दिसायला तो कुणालाच आवडत नाही, पहिल्यांदा दाखवला की घरची मंडळी मान फिरवतात. पण तारेचा ताण खांद्याला जाणवतो, म्हणून वस्तू किती घट्ट धरली आहे याचा अंदाज येतो. मोटरच्या हाताकडून तेवढंही मिळत नाही. पाण्यात चालतो, तेलात चालतो, बिघडला तर दुरुस्ती स्वस्तात होते. माझ्याकडे येणारा सातपूरचा एक वेल्डर वर्कशॉपमध्ये हूक लावतो आणि घरी मोटरचा हात. सकाळी मुलीची वेणी घालताना एक पेड त्या हातात धरून ठेवता येतो म्हणून त्याने तो घेतला. त्याला विचारलं तर तो दोन्ही हातांबद्दल सारख्याच आपुलकीने बोलतो. कोणता हात कशाला हे त्याचं त्याने ठरवलं होतं, आणि म्हणून त्याचे पैसे सार्थकी लागले.

तुमच्या पत्रात सॉकेटचा उल्लेखच नाही. कुणाच्याच पत्रात नसतो. माझ्या मते सगळं यश किंवा अपयश तिथेच ठरतं. नवी चप्पल सकाळी छान वाटते आणि दुपारी टाच सोलते, तसंच सॉकेटचं असतं. इथे मात्र सोललेल्या जागेवर इलेक्ट्रोड टेकायचा असतो. सॉकेट एका बाजूने जरा सैल झाला की इलेक्ट्रोड कातडीपासून सुटतो आणि लाखांचा हात मनाला येईल तसा उघडमीट करायला लागतो. मग माणूस तो कपाटात ठेवून देतो. नाशिकमधल्या कपाटांत असे हात आहेत, मी बघितले आहेत, आणि दर वेळी जीव तुटतो. हात सहसा चांगलाच होता. मापं घाईत घेतली होती आणि शिकवणारं कुणी नव्हतं.

फेब्रुवारीत हात गेला, म्हणजे स्टंपची, म्हणजे उरलेल्या हाताच्या टोकाची, सूज अजून उतरते आहे. पहिल्या काही महिन्यांत तो बारीक होत जातो. आज घेतलेल्या मापाचा सॉकेट दिवाळीला सैल होईल. तोवर क्रेप बँडेज आठच्या आकड्यात बांधा, टोकाला घट्ट आणि वर सैल. उलट बांधलं तर टोकाला रक्त साकळतं. कोपर रोज पूर्ण सरळ करा, पूर्ण वाकवा. टाके सुकल्यावर स्टंपला हलका मसाज द्या, मऊ कापड घासा, मग जरा खरखरीत टॉवेल. कातडीला स्पर्शाची सवय लागली नाही तर कुठलाच सॉकेट सहन होत नाही.

त्यानंतर कुणीही हात विकायला आलं तरी आधी 'मायो टेस्ट' मागा. स्टंपवर इलेक्ट्रोड लावून स्क्रीनवर दोन रेषा दाखवतात. यांना दोन्ही रेषा वेगवेगळ्या, हुकमी, दमल्यावरसुद्धा वर नेता आल्या तरच पुढचं बोलायचं. आणि माप घेणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी आहे का ते तोंडावर विचारा. विचारायला संकोच करू नका, मला कुणी विचारलं तर मी भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवते.

पैशांबद्दल. यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जात असेल तर कामावर झालेली इजा म्हणून कायमच्या अपंगत्वाचा मासिक लाभ मिळतो, वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं, आणि कृत्रिम अवयवही ईएसआयकडून मिळतो. ईएसआय नसेल तर कर्मचारी भरपाईच्या कायद्याखाली मालकावर जबाबदारी येते. अपघाताची नोंद कारखान्याच्या रजिस्टरमध्ये आहे का, ते या आठवड्यात बघा. हातापेक्षा ते आधी.

वडिलांचा उजवा पाय रोटाव्हेटरमध्ये सापडला, गुडघ्याखालून काढावा लागला. आता ते म्हणतात, नसलेल्या पायाचा अंगठा मुरगळतोय, रात्री ओरडतात. गावात काही लोक सांगतात की कापलेला पाय नीट पुरला नाही म्हणून हे होतंय. देवऋषीकडेही नेऊन आणलं. – निफाड तालुका

भाऊ, वडिलांना आधी एवढं सांगा की ते भ्रमिष्ट झालेले नाहीत आणि पाय कुठे पुरला याचा या दुखण्याशी संबंध नाही. अवयव गेलेल्या बहुसंख्य माणसांना तो अवयव अजून आहे असं जाणवतं आणि पुष्कळांना त्यात वेदनाही होतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी १८७१ मध्ये याला 'फँटम लिंब' हे नाव दिलं. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक हे भोगत होते.

पाय गेला तरी मेंदूतली त्या पायाची जागा जात नाही. ती जागा पायाकडून खबर येण्याची वाट बघत राहते, आणि कापलेल्या नसांच्या टोकांकडून जे वेडेवाकडे संदेश येतात त्यांचा अर्थ मेंदू 'अंगठा मुरगळला' असा लावतो. वेदना खरी आहे. डॉक्टर नसांच्या दुखण्यावरची वेगळी औषधं देतात, नेहमीच्या पेनकिलरने हे सहसा थांबत नाही, म्हणून डॉक्टरांना 'नसलेल्या पायात दुखतं' हे शब्द स्पष्ट सांगा. पेशंट लाजून सांगतच नाहीत.

औषधाच्या जोडीला एक उपाय करून बघा. भारतात जन्मलेले आणि अमेरिकेत संशोधन करणारे मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तो मांडला. कपाटाचा लांब आरसा काढून वडिलांच्या दोन्ही पायांच्या मध्ये उभा ठेवायचा, चांगला पाय आरशासमोर, स्टंप आरशामागे. आरशात बघितलं की दोन पाय दिसतात. मग चांगल्या पायाची बोटं सावकाश वाकवायची, सरळ करायची, आणि मनाने दोन्ही पायांची करतोय असं धरायचं. मुरगळलेला अंगठा सुटताना डोळ्यांना दिसतो. २००७ मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या सैनिकांच्या छोट्या गटावर हा उपाय रोज १५ मिनिटं, चार आठवडे करून बघितला, आणि आरसा वापरणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पण आरसा घरात आहे, औषधासारखा त्रासही नाही. पहिल्या दिवशी वडिलांना रडू येण्याची शक्यता आहे, तेव्हा जवळ बसा.

स्टंपवर एकाच ठिकाणी बोटाने टिचकी मारल्यावर झटका बसत असेल तर ते वेगळं दुखणं आहे, नसेच्या टोकाला गाठ आली असू शकते. ते सर्जनला दाखवा. आणि पाय बसवून चालायला लागल्यावर पुष्कळांचं रात्रीचं दुखणं उतरतं, म्हणून त्यासाठी वर्षभर थांबू नका.

माणसं पुढे स्वतःचे चांगले हात काढून बायोनिक हात बसवतील का? – इयत्ता नववी, नाशिकरोड

आपल्या हाताच्या तळव्याला आणि बोटांच्या आतल्या बाजूला स्पर्श ओळखणारी सुमारे १७,००० टोकं आहेत. आजच्या कुठल्याही यंत्राच्या हाताला त्याच्या जवळपासही जाता आलेलं नाही. म्हणून माझं उत्तर, मला दिसतंय तिथवर, नाही.

पण तुला आवडेल असं एक सांगते. जेसी सुलिव्हन नावाच्या अमेरिकन वायरमनचे दोन्ही हात २००१ मध्ये विजेच्या धक्क्याने गेले. शिकागोच्या डॉ. टॉड कुइकेन यांच्या गटाने त्यांच्या हाताकडे जाणाऱ्या नसा छातीच्या स्नायूंना जोडल्या. सुलिव्हन मनात 'मूठ मिट' म्हणाले की छातीचा स्नायू आखडायचा आणि त्यावरून यंत्राचा हात चालायचा. नवल पुढेच आहे: छातीच्या त्या कातडीला हात लावला की त्यांना आपल्या गेलेल्या हाताला कुणी स्पर्श करतंय असं वाटायचं. नसा आपलं मूळ गाव विसरल्या नव्हत्या. हे वाचून ज्याची झोप उडते त्याने या कामात यावं. बारावी सायन्सनंतर प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्सची, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं बनवण्याची, पदवी घेता येते, मुंबईत हाजीअलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत तो अभ्यासक्रम आहे. आम्ही माणसं फार थोडी आहोत. ये.

मी शिक्षक आहे. डावा पाय गुडघ्याखाली नाही, जयपूर फूटवर बरीच वर्षं शाळा, शेत सगळं करतो. यंदा श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करायची इच्छा आहे. पुतण्या म्हणतो, कार्बनचा पाय घे. – दिंडोरी

सर, फेरीसाठी कार्बनचा पाय घेऊ नका. तो चांगला असतो, टाच टेकली की ताण साठवतो आणि पाऊल उचलताना परत देतो, सपाट रस्त्यावर चालणं हलकं होतं. पण साध्या कार्बनच्या पायाला बूट लागतोच, आणि श्रावणात फेरीच्या वाटेवरच्या पहिने गावाच्या चिखलात तुम्हाला अनवाणी उतरायचं असणार.

तुमच्या पायाचा जन्मच त्यासाठी झाला आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. त्या वेळचा विलायती पाय बुटाशिवाय चालत नव्हता आणि त्यावर उकिडवं बसता येत नव्हतं. शेतात, देवळात, मोरीत त्याचा उपयोग शून्य. पेशंट तो घेऊन जायचे आणि घरी काढून ठेवायचे. शर्मा शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण हात कसबी होता. रबर, लाकूड, टायरची दोरी साच्यात घालून त्यांनी सगळ्या बाजूंनी वळणारा, पाण्यात न बिघडणारा पाय केला. १९७५ मध्ये डी. आर. मेहतांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि तो फुकट मिळू लागला. बॅटरी नाही, चिप नाही, तरी किती माणसांना त्याने जमिनीवर मांडी घालून जेवायला बसवलं! बायोनिकच्या उत्साहात आपण हे विसरायला नको.

तेव्हा पाय आहे तोच ठेवा आणि सॉकेट तपासून घ्या. बरीच वर्षं झाली म्हणता, तर तो सैल असणारच. लहान फेरीसुद्धा २० किलोमीटरच्या आसपास आहे, त्यात पाऊस, घाम आणि उतार. उतारावर स्टंप सॉकेटमध्ये पुढे सरकतो आणि नडगीच्या टोकाला घासतो, म्हणून चढापेक्षा उताराला जपा, काठी घ्या. स्टंपचे सुती मोजे प्लास्टिकच्या पिशवीत भरपूर न्या आणि ओला झाला की बदला, दुखायची वाट बघू नका. दुपारपर्यंत स्टंप आकसतो, तेव्हा एकावर एक दोन मोजे घालावे लागतील. आजपासून पांडवलेण्याच्या पायऱ्या चढ-उतर करा, आधी आठवड्यातून एकदा. घरी आल्यावर पाय काढून आरशात स्टंप बघा. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर माझ्याकडे किंवा जवळच्या प्रोस्थेटिस्टकडे या. फोड आला तर त्या दिवशी फेरी सोडून गाडीत बसायचं, हे बरोबरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवा. ऐन वेळी त्र्यंबकराजाच्या नावाने माणूस ऐकत नाही.

आई येवल्याला पैठणी विणते, वय ५८, वीस वर्षं मधुमेह. पायाची जखम चिघळली आहे, डॉक्टर गुडघ्याखालून पाय काढायचं म्हणतात. आम्ही थांबावं का? पुढे तिला मागावर बसता येईल का?

ताई, थांबायचं की नाही हे जखम बघणारे सर्जनच सांगू शकतात. दुसरं मत हवं असेल तर ते उद्याच घ्या, महिन्याने नाही. जंतुसंसर्ग वर चढला तर गुडघा जातो, आणि गुडघा वाचणं ही तुमच्या आईसाठी सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

का ते सांगते. गुडघ्याखालून पाय गेलेल्याला चालायला साधारण पाव पट जास्त शक्ती लागते, मधुमेहात रक्तपुरवठा कमी असल्याने थोडी अधिक. गुडघ्यावरून गेला तर ती दीडपटीच्याही पुढे जाते. संगणकाचा गुडघा मिळतो, १९९७ मध्ये जर्मनीच्या ओटो बॉकने सी-लेग आणला, तो सेकंदाला कितीतरी वेळा पायाची स्थिती तपासून अडखळणाऱ्याला सावरतो. मी लोकांना त्यावर उतारावरून न घाबरता चालताना बघितलं आहे आणि फार आनंद झाला आहे. तरीही तो आईला जमिनीवरून उठवणार नाही, ती ताकद त्याच्यात नाही. स्वतःचा गुडघा ते करतो.

मागाला पायाने दाब द्यावा लागतो, तो दाब गुडघ्याच्या आणि मांडीच्या जोरावरही देता येतो. खड्ड्याच्या मागावर उतरणं-चढणं कठीण जाईल, तिथे एक पायरी आणि धरायला दांडी करून घ्या. दाब कमी-जास्त झाल्याचं तळपायाला कळणार नाही, पहिले काही आठवडे साधं कापड विणू द्या, जरीचं नको. एकदम आठ तास नको. माप द्यायला याल तेव्हा मागाची बसायची उंची आणि पाय टेकतो तिथपर्यंतचं अंतर मोजून आणा, त्यावरून पावलाचा कोन ठरवता येतो.

आणि दुसरा पाय. एक पाय गेलेल्या मधुमेहींच्या दुसऱ्या पायावर सगळा भार येतो. रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघा, कारण आईला तिथे टोचलेलं कळणार नाही. घरातही अनवाणी नको. तळव्याला मऊ, पुढे रुंद अशी चप्पल घ्या. ऑपरेशननंतर टाके सुकले की जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. ४० टक्के किंवा जास्त असेल तर केंद्राच्या एडिप योजनेखाली कृत्रिम पाय मिळू शकतो, उत्पन्नाची अट आहे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागेल. तो आत्ताच काढायला टाका, त्याला वेळ लागतो.